सरकारांचा चढलेला पंचम

"पंचम अर्ध्या सुरानं वर चढवायचा, असा आमचा हुकूम असताना तुमचे तंबोरे अजून जुनाच पंचम बोलतात? ही फितुरी आहे!" भानुसिंहराव सरकार गरजले. झालं! गोंदाजी तंबोरेवाल्याच्या दुकानातले सगळे तंबोरे जप्त!

कारण काय, तर दरबारगवई रंगोबुवांच्या तोंडून एकदा निघून गेलं होतं, "सा आणि प हे अचल स्वर, सरकार. ते कुणाच्यानं हलत नाहीत."

"आमच्या राज्यात दिवाण हलतो, फौजदार हलतो, आणि प हलत नाही?"

"हलतो की! हा बघा, हललासुद्धा!" बुवा त्याच तोंडानं म्हणाले. बुवांचा कणा म्हणजे उपरणंच. वारा येईल तिकडे.

त्यातच कुणा गोऱ्या पाहुण्यानं सरकारांना युकुलेले भेट दिलेलं. चार तारांचं, तान्ह्या पोरासारखं कुशीत मावणारं वाद्य. सरकारांच्या बोटांत अंगठ्या इतक्या, की दोन बोटं कशीबशी एका जागी टेकायची आणि तिथंच मुक्काम ठोकायची. पण हौस दांडगी!

"नव्या सप्तकातून तीन कॉर्ड हव्यात," सरकारांनी फर्मावलं. कॉर्ड म्हणजे निदान तीन सूर एकदम वाजायचे. "एक सा वर उभी, एक ग वर, एक आमच्या चढलेल्या प वर. बोटं मात्र हलवणार नाही. हुकूम सोडणाऱ्यानं हलायचं असतं का?"

तंबोरे सोडवायला आलेल्या गोंदाजीला हसू आवरलं नाही. "बोट न हलवता कॉर्ड बदलली, तर मी पाय न हलवता घरी जाईन, सरकार!"

"मग बस कोठडीत, पाय न हलवता! उद्या दरबार उठायच्या आत कॉर्ड वाजल्या नाहीत, तर तुझ्या तंबोऱ्यांवर हत्तींच्या अंघोळीचं पाणी तापेल!"

गोंदाजीची लेक येसू बापाच्या हाताखाली सतारीचे पडदे बांधायची. हे ऐकून ती रडली नाही, तिचं टाळकं सणकलं. वर्षानुवर्षं माळ्यावर जपून वाळवलेले तंबोऱ्यांचे ते भोपळे, आणि त्यांच्या जाळावर हत्ती न्हाणार! दुसऱ्या दिवशी ती "कॉर्ड मी वाजवते" म्हणत तडक दरबारात उभी राहिली.

"तू वाजवणार?" बुवा फिस्सकन हसले. "चूल पेटवायला आलीस की काय?"

"चुलीला फुंकर लागते, बुवा. ती तुमच्याकडे आहेच की! सरकार, आपली बोटं टेकतात तरी कुठं?"

सरकारांनी दाखवलं. वरच्या तारेवर पहिल्या पडद्याशी एक बोट, खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी दुसरं, मधल्या दोन तारा मोकळ्या. येसूनं वाद्य घेऊन तस्संच धरलं, छेडलं, आणि ती गालातल्या गालात हसली.

"बुवा, पाठ करून बसा. मी एक सूर आधी देते, मग सगळे मिळून. तुम्ही सा ओळखायचा."

तिनं सा ची तार छेडली, मग सगळ्या.

"पहिला सूर सा! वर ग, त्यावर सरकारांचा पंचम!"

मग ग ची तार आधी.

"हाही सा! वर ग, त्यावर सरकारांचा पंचम!"

मग चढलेला प आधी.

"अलबत सा! अगं, किती सोपं विचारशील?"

बुवा ऐटीत वळले. येसूची बोटं होती तिथंच होती!

"तीन झाल्या, सरकार. एक सा वर, एक ग वर, एक आपल्या प वर. साक्ष खुद्द दरबारगवयांची!"

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसतच राहिले.

"पण हे कसं?" सरकार पुढं सरकले. "आणि यातला खरा सा कुठला?"

"तो गेला, सरकार."

"गेला? कुठं?"

"आमच्या पेठेत एका भुसाऱ्यानं गिऱ्हाइकाला फसवायला आपलं वजन पोखरलं. पुढं माल घ्यायलाही चुकून तेच वापरलं, आणि पोत्यापोत्याला स्वतःच नागवला! पंचम हलवून आपणही तसंच आपलं माप पोखरलंत. सा पासून ग चार पडदे, ग पासून आपला नवा प चार पडदे, तिथून वरचा सा पुन्हा चारच. तिघं सारख्या अंतरावर बसले. आता आधी बोलेल तो राजा! सिंहासन, दिवाणजींची खुर्ची आणि बुवांची सतरंजी एका उंचीला मांडली, तर परका माणूस मुजरा कुणाला करणार?"

सरकारांनी चमकून बुवांच्या सतरंजीकडे पाहिलं.

"'हाच सा, हाच राजा' असं रात्रंदिवस ओरडून सांगणारा एकच इमानी चाकर होता, सरकार, जुना प. त्याला आपण हाकललंत. आणि त्याची बाजू घेणारे तंबोरे आज हत्तीखान्यात जळणार आहेत!"

मग सरकारांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की अंगठ्या वाजू लागल्या.

"सोडा गोंदाजीला! तंबोरे परत करा! आणि पंचमाला सांगा, आपल्या जागी ये म्हणावं!" एकेक अंगठी ओढून काढत सरकारांनी तिच्या ओंजळीत टाकली. "घे पोरी, बक्षीस!"

येसूनं ओंजळ कपाळाला लावली.

"आता बोटं मोकळी झाली, सरकार. हलवून बघा की!"