तेराव्या पायरीवरचा पॅच

"अंगावरची हळद उतरली नाही अजून, तिचं लक्ष मेमरीत कसलं लागतंय?"

पार्टिशनपलीकडे ऋत्विज पागनीस बोलला. निहार फिस्सकन हसला.

अलीकडे शर्वाणी उभी होती, पाण्याची बाटली हातात धरून... ती भरायची राहूनच गेली.

लग्नाच्या रजेवरून ती आजच परतली होती. तेवढ्या दिवसांत इकडे तिचा निकाल लागला होता. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखादी फाइल थेट प्रोग्रामच्या मेमरीत दाखवतो. नव्या आवृत्तीत त्या जागी मधूनच नुसती शून्यं दिसायला लागली होती. दोष कुणाच्या पॅचने, म्हणजे कोडमध्ये पाठवलेल्या बदलाने, आणला, ते ऋत्विजने शोधून काढलं. शर्वाणीच्या. तो पॅच मागे घेत असल्याचं पत्र पाच वाजता जगभरच्या कर्नलवाल्यांना जाणार होतं आणि तिच्याकडचं मेमरीचं काम निहारकडे. पत्रात ऋत्विजने तिचं नवं आडनावही घातलं होतं. ते तिने घेतलेलंच नव्हतं.

पत्रावर माईणकर सरांची संमती लागायची. या तिघांनाही कर्नल शिकवला तो सरांनीच. त्यांनी तिघांना बोलावलं.

सरांचा एक नेम होता. कुणाचा पॅच मागे घ्यायचा, तर तो लिहिणाऱ्यासमोर मोठ्याने वाचायचा. मगच पत्र.

"सर, वाचत कुठे बसता?" ऋत्विज म्हणाला. "आठ हजार बदल होते. मधोमध कापायचं, तिथला कर्नल चालवायचा, चांगला की वाईट ते नोंदवायचं, उरलेले पुन्हा मधोमध कापायचे. मी आणि निहारने तेरा पायऱ्या केल्या. हा एकच पॅच हाती उरला. गणित आहे हे."

"वाच."

ऋत्विजने पॅच उघडला. पहिल्यांदाच उघडत होता, हे शर्वाणीला त्याच्या भुवयांवरून कळलं.

"'हे फंक्शन वापरण्याआधी लॉक घेतलेलं असावं.'"

"पुढे?"

"'नाहीतर मेमरीचं पान दुसऱ्याच्या हाती लागेल.'"

"पुढे?"

"...संपलं."

"कोड कुठाय?"

"कोड... नाहीये, सर. नुसती कॉमेंट आहे."

कॉमेंट, म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

शर्वाणीची कानशिलं तापली. दोन ओळी! त्या वाचायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पत्र मात्र पानभर.

"म्हणजे गणित चुकलं?" सरांनी विचारलं.

"गणित कसं चुकेल, सर?"

सरांनी आपला कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "सातव्या पायरीला 'चांगला' म्हणून नोंदवलेला कर्नल ठेवलायस ना? चालव."

ऋत्विजने चालवला. फाइल नीट दिसली.

"बघा."

"पुन्हा."

पुन्हा नीट.

"पुन्हा."

निहारने घड्याळात पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. ऋत्विज बटण दाबत राहिला, आधी तोऱ्यात, मग कंटाळून, मग नुसताच...

एकविसाव्या खेपेला पडद्यावर शून्यांची रांग आली.

दोष सातव्या पायरीच्याही मागे कुठेतरी होता. पुढच्या सहा पायऱ्या फुकट गेल्या होत्या.

"सातवी तू किती वेळा चालवली होतीस?"

"एकदा."

सर वळले. "शर्वाणी, कर्नल वाईट म्हणायला किती वेळा चालवावा लागतो?"

तिने एक बोट वर केलं.

"आणि चांगला म्हणायला?"

ती उठली. फळ्यावर पन्नासचा आकडा लिहिला. क्षणभर थांबली... आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सर हसले. पत्राचा कागद त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे ढकलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"सॉरी हं," ऋत्विज म्हणाला. "गडबडीत झालं. मनावर घेऊ नकोस. मी माणूस चांगला आहे गं. निहारला विचार हवं तर."

निहारने जोरात मान डोलावली.

शर्वाणीने पेनाचं टोपण लावलं. खुर्चीत बसली. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं, आता उघडलं.

"सातव्या पायरीलाही तुम्ही दोघांनी चांगलंच म्हटलं होतंत."