न वापरलेला कळफलक

एकदा एका वृद्ध कारागिराच्या हातून एक दुर्मीळ वस्तू मोडली गेली, आणि ती त्यांनी जाणूनबुजून मोडली.

विश्राम त्यांचे नाव. सारे त्यांना मास्तर म्हणत. संगणकाचे जुने, वजनदार कळफलक ते दुरुस्त करीत. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि दाबताच खणखणीत आवाज, अशा त्या जातीचे सुटे भाग आता कुठेच मिळत नसत. मास्तर ते फलक उघडून गंज काढीत आणि जुने संकेत आजच्या संगणकाला कळावेत म्हणून आत एक लहानशी चिप बसवीत. सुबोध नावाचा त्यांचा शिष्य ही विद्या शिकत होता.

दुकानातल्या काचेच्या कपाटात असाच एक फलक होता, कारखान्यातून आला तसा, एकदाही न वापरलेला. एक धनाढ्य व्यापारी आपल्या संग्रहासाठी तो वारंवार मागत असे. मास्तर नकार देत.

एके दिवशी धामणकरबाई आल्या. न्यायालयाजवळ वकिलांचे अर्ज टंकित करून त्या पोट भरीत. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी आपला जुना कळफलक टेबलावर ठेवला.

“यातल्या बऱ्याच कळा उठतच नाहीत. वकीलसाहेबांनी नवीन कीबोर्ड दिला, पण तो मुका आहे हो. अक्षर उमटलं की नुसतंच बोट टेकलं, मला कळत नाही. परवा एका बाईच्या पोटगीच्या अर्जातली अर्धी ओळ गळाली. साहेब आता दुसरं माणूस बघतायत.”

सुबोधने फलक उघडून पाहिला. स्प्रिंगा तुटल्या होत्या. “बाई, याचे भाग मिळत नाहीत,” तो हळूच म्हणाला.

मास्तर मात्र त्यांच्याशी थोडा वेळ बोलत बसले आणि मग रिक्षापर्यंत पोहोचवून आले. परत येताच त्यांनी कपाट उघडले, तो अस्पर्शित फलक काढला आणि धारदार पात्याने त्याचे जोड कापायला सुरुवात केली.

“मास्तर! अहो, हा पुन्हा पहिल्यासारखा जोडता येणार नाही!”

“ठाऊक आहे.”

झाकण निघाले. आतला स्पंज काळी भुकटी होऊन मास्तरांच्या बोटांना चिकटला. कित्येक स्प्रिंगांवर गंज चढला होता. सुबोध पाहतच राहिला. “पण याला तर कुणी हातसुद्धा लावला नव्हता!”

“म्हणून काय झालं?” मास्तर म्हणाले. “पडून पडूनही वस्तू मरते, सुबोध. व्यापाऱ्याच्या घरी हेच झालं असतं, आपल्याकडेही हेच झालं. या उरलेल्या स्प्रिंगांत थोडा जीव आहे. बाईंच्या बोटांखाली तो खर्च होईल, कपाटात नुसताच नाहीसा होईल. शेवट दोन्हींचा सारखाच, बाळा. पण खर्च होण्यात कुणाचे तरी चार दिवस निभावतात.”

“आणि बाईंचा फलक पुन्हा बिघडला तर?”

“मग आपल्याकडे द्यायला काही नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“न्यायला कधी येऊ, एवढंच विचारलं.”

मास्तरांनी चांगल्या स्प्रिंगा वेचून बाईंच्या फलकात बसवल्या, चिप जोडली. मोडलेल्या फलकाचे अवशेष सुबोधने गोळा केले.

बाईंना खेप पडू नये म्हणून फलक पोहोचवायला सुबोधच गेला. बाईंच्या अंधाऱ्या खोलीत त्याने तो संगणकाला जोडला. एक तरुण वकील मजकूर सांगू लागला आणि बाईंची बोटे धावू लागली. मध्येच त्या थांबल्या. “एक अक्षर वाजलं नाही,” असे म्हणून मागे गेल्या, ते अक्षर घातले आणि पुढे निघाल्या. चेहरा गंभीरच होता, पण खांदे सैल पडले होते.

प्रत्येक आवाजागणिक एक स्प्रिंग झिजते आहे, हे सुबोधला कळत होते. कळा जरा हलक्या हाताने दाबा, असे सांगायला तो दारातून वळला. बाईंचे लक्ष नव्हते. ते सांगायचे राहू देऊन त्याने चपला घातल्या आणि तो जिना उतरू लागला.