फूलपीराची चादर

निळ्या निळ्या समुद्राच्या काठी एक हिरवं गाव होतं. गावात फूलपीराचा पांढराशुभ्र दर्गा होता, आणि दर्ग्याला होती एक इवलीशी बाग. गुलाब लालचुटुक, शेवंती सोनसळी, आणि मोगरा तर असा, की कुणी चांदण्यांचा सडाच घातलाय!

या बागेला पाणी घालायची नऊ वर्षांची जैतून. तिचे पूर्वज फार फार पूर्वी गलबतातून आफ्रिकेहून आले होते. गावात त्यांना सिद्दी म्हणत. जैतूनचा रंग पिकल्या जांभळासारखा काळाभोर, केस कुरळे कुरळे, आणि डोळे असे टपोरे की त्यांत अख्खी बाग मावावी. वडील नव्हते. आई हमिदा दर्ग्यातली जेवणाची मोठमोठी भांडी घासायची. राखेनं आणि पाण्यानं तिची बोटं वाकडी झाली होती.

दर गुरुवारी दर्ग्याच्या अंगणात बायका-मुली गोल करून बसत आणि केळीच्या सोपाच्या धाग्यात फुलं ओवून पीरासाठी चादर विणत. विणताना गात, "आम्ही सारी एका विहिरीचं पाणी." गोड गात. पण त्या गोलात सिद्दी बाई कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

जैतून तान्ही असताना तापानं फणफणली होती. तेव्हा हमिदानं नवस बोलला होता, "पोर वाचू दे, मी माझ्या हातानं चादर विणून वाहीन." पोर वाचली. नवस मात्र तसाच राहिला. सगळं अंगण झाडून झालं, की हमिदा खांबाला टेकून उभी राही आणि विणणारे हात बघत राही.

एकदा जैतूननं ओंजळभर कळ्या उचलून गोलाजवळ नेल्या. तशी मेहरू नावाची मुलगी हसत म्हणाली, "ठेव गं लांबूनच! तुझ्या हातानं मोगरा काळा पडायचा!" सगळ्या खुदकन हसल्या. जैतूनही हसली. मग विहिरीमागे जाऊन पुष्कळ रडली.

त्या वैशाखात विहीर आटत आली. जैतूनच्या वाट्याला प्यायला एक गडू पाणी होतं. बागेच्या कोपऱ्यात मोगऱ्याचं एक चिमुकलं रोप मान टाकून पडलं होतं. "तू पी हो," म्हणत तिनं सगळा गडू त्याच्या मुळाशी ओतला.

आणि काय नवल! एक कळी टपकन उमलली. तिच्यातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पंख दवाच्या थेंबांचे, झगा फुलपाखरी, पायांत केशराचे पैंजण, रुणुझुणु रुणुझुणु!

"तहानलेली राहून मला पाजलंस, जैतून. तुला तीन इच्छा देते. पण ऐक हं. कुणाचं मन मी फिरवत नाही. गेलेला दिवस मला परत आणता येत नाही. आणि तिसरी इच्छा दुसऱ्या कुणासाठी मागायची."

जैतूननं विचारसुद्धा केला नाही. "मला गोरी कर. मग मला गोलात बसू देतील. अम्माची चादर मी विणीन."

परीचे पंख जरासे मिटले. "बरं," ती हळूच म्हणाली.

गुरुवारची दुपार होती. केतकीसारखी गोरीपान, रेशमी केसांची मुलगी अंगणात आली, तशी मेहरू चटकन सरकली. "ये गं, बस! कुणाच्या घरची तू? किती गोड आहेस!" कुणी सरबत दिलं, कुणी मांडीवर फुलं ओतली. जैतूनच्या बोटांतून पहिल्यांदाच मोगरा सरसर ओवला जाऊ लागला.

इतक्यात हमिदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओढणी फुलांना लागू नये म्हणून तिनं अंग चोरलं. "पाणी घ्या, बीबी."

"अम्मा, मी आहे! तुझी जैतून!"

हमिदा कावरीबावरी झाली. "चेष्टा करता होय गरिबाची? माझी जैतून तिकडे बागेत असेल. घाबरू नका, बीबी, फुलांना हात लावायचा नाही असं मी तिला बजावून ठेवलंय."

जैतूनच्या मांडीवरची फुलं घरंगळली. "परी!" ती ओरडली, "माझा रंग मला परत दे!"

आणि सगळ्यांच्या देखत ती पुन्हा काळीभोर जैतून झाली.

हमिदाच्या हातातला तांब्या पडला. मेहरूनं तोंडावर हात ठेवला. दर्ग्याच्या वडीलधाऱ्या आपाजान हळूहळू उठल्या. सगळं गाव त्यांचा शब्द झेलायचं.

"हमिदा, तुम्ही इथं बसायचं नाही, असं तुम्हांला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही, आपाजान. सांगावं लागलं नाही."

कुणाला मान वर करवेना. एक म्हातारी पुटपुटली, "जुनी रीत आहे, आपाजान..."

"रीत कसली गं? चूक होती. आपण तिला रीत म्हणत आलो." आपाजान खांबाकडे वळल्या. "आणि सगळ्यांत मोठी चूक माझी. सारी एक, सारी एक म्हणत गात राहिले, आणि मान वळवून पाहिलं नाही की खांबाशी कोण उभं आहे. आता दर गुरुवारी फुलांना हात लावायच्या आधी मी मोठ्यानं विचारीन, कोण बाहेर राहिलं? उत्तर मिळेपर्यंत कुणी दोरा उचलायचा नाही."

मेहरू उठली. "भांडी आजपासून मी घाशीन," म्हणाली आणि रडू लागली. जैतून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मग तिनं तिसरी इच्छा मागितली. "अम्माची बोटं सरळ कर."

"बोटं देते," परी म्हणाली. "ही नऊ वर्षं मात्र माझ्याकडे नाहीत गं." तिनं हमिदाच्या हातांवरून पंख फिरवले. अंगणभर मोतिया उजेड पसरला, फुलाफुलावर चमचमला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

हमिदा गोलाच्या मधोमध बसली. "मला माफ कर, बाय," आपाजान म्हणाल्या.

"आधी चादर होऊ द्या, आपाजान," हमिदा म्हणाली.

तिची बोटं भराभर चालत होती आणि डोळे वाहत होते. चादर पुरी होत आली तेव्हा तिनं एक कोपरा तसाच रिकामा सोडला.

"हा माझ्या आईचा," ती म्हणाली. "तीही इथंच पाणी भरायची. तिला शेवंती फार आवडायची. बसायचं राहूनच गेलं तिचं."

तो कोपरा भर, असं आपाजान म्हणाल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी चादर उचलली, तशीच, आणि हमिदाच्या हातात दिली.

जैतूनवर परी हसली, तशी ती तुम्हांवरही हसो, बाळांनो. आणि तुमच्या अंगणात कुणी ताटकळत उभं असेल, तर ते तुम्हांला परी यायच्या आधीच दिसो.