चाळीस खोल्यांचे मौन

“नवा स्विच आणायचा नाही, नवी तार ओढायची नाही, कोणत्याही संगणकाचा पत्ता बदलायचा नाही. आणि सायंआरतीच्या आत चाळीस खोल्यांतील एकाही पाहुण्याला दुसऱ्याचा संगणक दिसता कामा नये!”

देवळेगडच्या श्रीमंत उदाजीरावांनी राजवाड्याचे अतिथिगृह केले होते. राजेपण मात्र सोडले नव्हते. सातव्या खोलीत उतरलेल्या वकिलांची कागदपत्रे बाराव्या खोलीतील पाहुण्यांनी आपल्या संगणकावर सहज उघडून वाचली होती आणि वकील संतापून सामान बांधत होते. शहरातील तज्ज्ञाने प्रत्येक खोलीला वेगळे यंत्र सुचवले, तेव्हा श्रीमंतांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले. आता आज्ञा आली ती मंजुळेच्या वाट्याला. ही वाड्यातील देवीच्या गुरवाची मुलगी. तारा आणि यंत्रे तीच सांभाळी. जमले नाही तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर थकलेल्या वडिलांची राहती खोलीही.

ती स्विचपुढे बसली. सर्व खोल्यांतील संगणकांच्या तारा याच एका पेटीत येऊन एकमेकींना जोडल्या जात. देवीचे नाव घेताच तिला नवरात्रातील अनुष्ठान आठवले. सभामंडपात साधक मांडीला मांडी लावून बसत, पण नऊ दिवस आपसांत अवाक्षर बोलत नसत; ज्याला काही विचारायचे, तो केवळ आचार्यांशी बोले. मंडप एकच, मध्ये भिंत एकही नाही!

स्विचमध्येही अशी व्यवस्था असते, तिला प्रायव्हेट व्हीलॅन म्हणतात. मंजुळेने खोल्यांच्या चाळीसही पोर्टांना, म्हणजे तारा खोचायच्या खाचांना, एकमेकांशी मौन दिले; इंटरनेटकडे जाणाऱ्या एका पोर्टाला मात्र आचार्यांच्या जागी बसवले, सर्वांशी बोलायला मोकळे.

आरतीपूर्वी श्रीमंतांना ही आचार्य-साधकांची मांडणी समजावून तिने त्यांच्यासमोर पडताळणी केली. वकिलांनी बाराव्या खोलीत बसून सातवी शोधली, सापडली नाही. इंटरनेट मात्र सर्वत्र सुरळीत होते. त्यांनी सामान सोडायला घेतले.

श्रीमंत सहजी हार मानणारे नव्हते.

“पोरी, एक राहिले. राजाची नजर सर्वांवर असते. आमच्या महालाची तारही आचार्यांच्या जागी लाव. नाही म्हणालीस, तर किल्ल्या ठेव आणि नीघ.”

वकिलांचा हात पुन्हा बॅगेकडे गेला. मंजुळेने हात जोडले.

“आत्ता लावते, सरकार. पण आचार्यांना प्रत्येक साधकाशी बोलता येते, तसे प्रत्येक साधकालाही आचार्यांपर्यंत पोहोचता येते. त्या जागेचे दार चाळीसही खोल्यांकडे उघडे असते. सरकारांच्या संगणकात काय आहे, हे मला ठाऊक नाही. उद्या न्याहारीच्या वेळी मात्र चाळीस जणांना ठाऊक असेल.”

श्रीमंतांचा मिशीवरचा हात जागीच थांबला. मग ते असे गडगडून हसले की सभामंडपातले पारवे उडाले.

“नको, बाई! आम्हालाही मौनातच बसव.”

गुरवांची खोली त्यांच्या नावे कायमची लिहून देण्याचा हुकूम तिथल्या तिथे झाला. राणीसाहेबांनी देवीला नेसवलेली पैठणी मंजुळेच्या हाती दिली, आणि हळूच विचारले, “त्या संगणकात आहे तरी काय गं?”