माहेरच्या गुलाबाची काडी

एका गावात एक सुतार राहत होता. त्याच्या हातचा पाळणा नातवंडांच्या पिढीपर्यंत कुरकुरत नसे. त्याचं कारण त्याची एक सवय. सांधा बसवला, की तो दोन्ही हातांनी ओढून, हिसका देऊन बघायचा. जरा हलला तर उकलून पुन्हा बसवायचा. असं बघितल्याशिवाय त्याने साधा पाटसुद्धा कधी कुणाला दिला नाही. लाकडाच्या कामात ही सवय सोन्यासारखी होती, आणि गाव त्यासाठीच त्याला मानत असे.

सुताराच्या बायकोने माहेरून एक गावठी गुलाब आणला होता, आईने हातात दिलेला. पुढे आई गेली, माहेरच्या घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून तिच्याकडे उरला तो एवढा गुलाब. त्याचं एक फूल देवाला आणि एक केसांत, असा तिचा नेम होता.

एका वर्षी गुलाबाच्या बुंध्याला वाळवी लागली. त्याच सुमारास बायकोनेही अंथरूण धरलं. वैद्याने सुताराला अंगणात नेऊन नुसती मान हलवली. काय समजायचं ते तो समजला.

बायको म्हणाली, "अहो, माझं व्हायचं ते होऊ दे. पण आईचा गुलाब माझ्या डोळ्यांदेखत जाऊ नये हो."

झाडाला आता एकच फांदी हिरवी होती. तिने पडल्या पडल्या सांगितलं, "त्या फांदीची करंगळीएवढी जाड काडी घ्या. खालून तिरकी कापा. न्हाणीजवळच्या कोरफडीचं पान तोडून आधी पिवळा चीक गळू द्या. मग आतल्या गरात काडीचं टोक बुडवा आणि एका कुंडीतल्या मातीत खोचा. गराने टोक कुजत नाही, मूळ लवकर धरतं. आई असंच करायची. कुंडी सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा. बाकी काही करू नका."

सुताराने सगळं जिवापाड जपून केलं. फक्त 'बाकी काही करू नका' एवढंच त्याला जमण्यासारखं नव्हतं.

बायको रोज सकाळी विचारायची, "धरला का हो जीव?" बिचारा काय सांगणार? मातीच्या आतलं कसं दिसावं? मग तो कुंडीपाशी जायचा, काडी हलकेच उपसायचा, टोक बघायचा, कोरफडीचा ताजा गर लावायचा आणि पुन्हा खोचायचा.

शेजारणीने हे पाहिलं. ती म्हणाली, "भाऊजी, असं रोज उपसू नका. अशानं मूळ धरेल कसं?"

सुतार म्हणाला, "वहिनी, पक्कं झालंय की नाही हे बघायला नको? आणि गर लावतोय की मी."

कोरफड खरंच गुणाची. एवढ्या हिसक्यांतूनही काडीला दोन कोवळी पानं आली. एका सकाळी सुताराने काडी उपसली, तर टोकाला केसासारखी पांढरी मुळं. काडी तशीच कुंडीवर ठेवून तो धावतच घरात गेला. "अगं, फुटली! मुळं फुटली! केसाएवढी आहेत, पण आहेत!"

किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण ते तिथेच थांबलं. तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कशी दिसली?"

सुताराने आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"अहो, ते काय लाकूड आहे का, ओढून बघायला?" एवढंच ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

तिच्या बोलण्याने घाबरून तो कुंडीकडे पळाला. काडी पुन्हा मातीत खोचताना ती नाजूक मुळं तुटून गेली. पानं माना टाकू लागली, आणि मूळचं झाड तर तोवर पार वाळून गेलं होतं. सुताराने सगळी कोरफड कापून तिचा गर कुंडीत ओतला. पण गर टोकाला मदत करतो, तुटलेली मुळं काही जोडत नाही.

त्यानंतर बायकोने विचारणंच सोडलं. सुताराला ते सहन होईना. तो म्हणाला, "रोज विचारायचीस. आता का गं विचारत नाहीस?"

ती म्हणाली, "मी विचारलं की तुम्ही बघायला जाता. चूक माझीही झालीच की."

थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या केसांत शेवटचं माळायला शेजारणीने आपल्या दारची शेवंती आणली. सुतार ढसाढसा रडला.

कुंडीतली काडी काळी पडली, तरी तो रोज तिला पाणी घालत राहिला. शेजारणीला राहवलं नाही. ती म्हणाली, "भाऊजी, वाळली हो ती. उपसून तर बघा."

सुताराने तांब्या खाली ठेवला आणि कुंडी दोन्ही हातांनी झाकली. "नको वहिनी," तो म्हणाला. "आता नाही बघायचं."

तात्पर्य: जीव लावला की काळजी वाटणारच, पण जे अजून मूळ धरतंय, त्याला आपल्या काळजीपायी उपसून बघू नये.