मुरारीची बिनफटीची पेटी

"पण बाबा, माझ्या पेटीत कमी काय होतं?"

मुरारी सुतार हे तिसऱ्यांदा विचारत होता. गडी हाताचा पक्का, पण नाकही तेवढंच वर. मधमाश्यांसाठी त्याने सागवानी पेटी केली होती. सांध्यात सुई शिरणार नाही अशी. पावसाने लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून आतून-बाहेरून तीन हात रंग दिलेला.

दोन वसाहती त्या पेटीतून निघून गेल्या होत्या. तिसरी, त्याच्याकडची शेवटची, आज सकाळी उठली आणि थेट डोंगरावर, बाबांच्या झोपडीसमोरच्या जांभळीच्या फांदीला जाऊन लटकली. ऊन तापलं की तीही जाणार. मुरारीचा जीव टांगणीला लागला होता.

"कमी काहीच नव्हतं," कासमबाबा म्हणाले. डोंगरावरच्या दर्ग्यापाशी राहणारा हा म्हातारा फकीर चाळीस वर्षं माश्या पाळत होता.

"मग गेल्या कशाला?"

बाबा उठले. झोपडीतून स्वतःची रिकामी पेटी घेऊन आले. बाहेरून तेल पिऊन पिऊन काळी झालेली. आतून मात्र कोरं लाकूड, रंधाही धड न फिरलेला. आणि एका कोपऱ्यात चांगली फट.

मुरारीला हसू आवरेना. "बाबा, यात तर वारा शिरतो."

"शिरतो ना."

पेटी फांदीखाली धरून बाबांनी फांदीला एक झटका दिला. निम्म्या माश्या आत पडल्या, निम्म्या हवेत उधळल्या. बाबांनी झाकण ठेवलं, पेटी दगडावर टेकवली आणि दोन पावलं मागे सरले.

मुरारीचं हसू कधीच विरलं होतं.

हवेतल्या माश्या पेटीच्या दाराशी उतरू लागल्या... आणि चालत आत गेल्या. एकामागून एक, शेवटची आत जाईपर्यंत.

ऊन कलेपर्यंत दोघं तिथंच बसून होते. मग बाबांनी बोटाने ती फट दाखवली.

तिला आतून माश्यांनी पांढऱ्या मेणाची केसाएवढी कड लावली होती.

मुरारी गुडघ्यांवर बसला. पेटीला कान लावला. आयुष्यभर त्याने फटी बुजवल्या, माश्यांसाठी मात्र एकही ठेवली नव्हती.

"बाबा, मग मी काय करू?"

बाबांनी जवसाच्या तेलात बुडवलेलं फडकं त्याच्या हातात दिलं. "वरून झाकणाला लाव. दाराकडे जाऊ नको."

मुरारी सवयीने जोर लावून घासायला लागला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"हळू... आत मंडळी कामात आहेत."