भार उतरवणारी ठमाबाई

फार वर्षांपूर्वी, म्हणजे सादडवाडीला रस्ता नव्हता आणि तरी शहरातली माणसं तिथं पोचायची त्या काळात, गावात ठमाबाई नावाची म्हातारी होती. ती माणसांचा भार उतरवायची. कुणाचं मूल गेलं, कुणाचं मन उगाच खचलं, की ती जायची, त्याच्या पाठीवरून हात फिरवत सात डोंगरांची नावं गाण्यात घ्यायची. सातव्या नावाला भार तिथून उठून तिच्या पाठीवर बसायचा. मग पाच दिवस ती त्या घरचं पाणी भरायची, नाचणी दळायची, गोठा झाडायची, आणि भार घामावाटे निघून जायचा.

ठमाबाई दमली होती. ही विद्या दुसऱ्या कुणी घेईपर्यंत तिला पाठ टेकता येत नव्हती. आडवी झाली की काहीतरी तिला उचलून बसवायचं. पन्नास वर्षं ती बसूनच झोपली, असं म्हणतात. थोरल्या सुनेला, चिमाला, तिनं विचारून पाहिलं.

"आत्याबाई, आपलंच पानी भरता भरता मान मोडती माझी," चिमा म्हणाली.

मग एका हिवाळ्यात पठारावर तंबू लागले. त्यात एक महाराज होते, त्यांना मौनगुरू म्हणत. ते दिवसभर बोलायचे. ते शिष्यांना घेऊन ठमाबाईच्या दारात आले. "आई, तुमची विद्या आम्हाला द्या. जगाला तिची गरज आहे."

म्हातारीचे डोळे भरले. तिनं बसल्या बैठकीला सगळं गाणं दिलं. शिष्यांनी ते वहीत उतरवलं.

"आन मग पाच दिस पानी भरायचं," ती म्हणाली.

"वा! पाणी म्हणजे चैतन्य," मौनगुरूंनी शिष्यांना समजावलं.

"पानी म्हंजे पानी, बाबा. झरा खाली उतरणीला हाय. दिसाला बारा."

"बारा राशी?" एका शिष्यानं विचारलं.

"बारा हंडे."

शिष्यानं मान डोलावली आणि वही मिटली.

त्या संध्याकाळी ठमाबाईनं हौसेनं घोंगडी पसरली. पाठ टेकेना. तेव्हा तिला कळलं, त्यांनी गाणं तेवढं नेलं.

शिबिरात चाळीस जणांचा भार एका सकाळीच उतरला. हलकी झालेली माणसं डोंगर उतरून पायथ्याच्या मोटारीत बसून निघून गेली. भार पठारावरच राहिला, कारण घ्यायला कुणी पाठ दिली नव्हती. असं म्हणतात की तिथलं गवत आडवं झालं ते उठलंच नाही, आणि तिथून आलेल्या शेळ्या दारात बसून माणसांसारखे सुस्कारे टाकू लागल्या. गाव म्हणालं, "ठमाबाई, गाणं तुझं. निस्तर आता."

ती काठी टेकत वर गेली आणि चाळीसही भार एकटीनं घेतले. अनोळखी घरांचे, अनोळखी नवऱ्यांचे. पण आता पाणी कुणाचं भरायचं? ती घरं पडली मुंबई-पुण्याला, आणि त्यांना नळ होते. भाराला निघायला वाटच नव्हती. ठमाबाई कशीबशी उंबऱ्यापर्यंत आली आणि बसली. खालची जमीन वीतभर खचली. चौघांनी ओढलं तरी म्हातारी हलेना.

चिमाला गाणं येत नव्हतं. ती सासूचा हंडा उचलून म्हणाली, "आत्याबाई, आजपासून तुमच्या खेपा माझ्या." दुपारी शेजारणी निघाल्या. कुणी म्हातारीचं दळण घेतलं, कुणी गोठा. पाचव्या दिवशी तिच्यासाठी न राबलेली बाई गावात उरली नाही. पुरुषही राबले असं म्हणतात, पण त्याबद्दल खात्री देता येत नाही.

त्या दिवशी ऊन कलताना ठमाबाईनं पाठ टेकली. या वेळी ती टेकली. म्हातारी झोपली की गेली, हे तीन दिवस कुणी हलवून पाहिलं नाही. इतक्या वर्षांची झोप, मोडायची कशाला?

आजही सादडवाडीत कुणी खचलं की शेजारीण न विचारता घरात शिरते आणि हंडा उचलते. त्याला 'ठमाबाईचे पाच दिस' म्हणतात. आभार मानायचे नाहीत, असा दंडक आहे. गाणं मात्र गावात कुणालाच येत नाही. ते पठारावर दर हिवाळ्यात पेटीवर म्हणतात, आणि तिथं पाणी टँकरनं येतं. शिबिराची एखादी पाहुणी चढावर गावच्या बायकांना गाठून विचारते, "तुमचंच ना ते गाणं? मग तुम्ही का नाही म्हणत?"

"डोक्यावर हंडा घेऊन चढताना," त्या म्हणतात, "दम कुणाला असतो, बाई? सरा जरा, वाट द्या."